डोळ्याला उशीर का होतो?

ही शंभराची नोट पकडलीस, तर तुझी. पार्थ, ये इकडे. मी ती वरच्या टोकाला धरून लोंबती ठेवतो. तू अंगठा आणि तर्जनी नोटेच्या बरोबर मधोमध ठेव, एक अलीकडे, एक पलीकडे. पण टेकवायची नाहीत. मी न सांगता सोडणार, तू चिमटीत पकडायची. नोटेमागे हात खाली न्यायचा नाही, एवढाच नियम.

निसटली ना? ओवी, आता तू. तुझीही निसटली. तुमची आजी म्हणतेय, ही आजोबांची हातचलाखी. मुळीच नाही. माझे पैसे गुरुत्वाकर्षण सांभाळतंय. ही जांभळट नोट १४२ मिलिमीटर लांब असते. तुमची बोटं मध्यावर, म्हणजे त्यांच्याखाली उरली फक्त ७१ मिलिमीटर. तेवढं पडायला तिला ०.१२ सेकंद लागतो. आणि नोट सुटल्याचं डोळ्याला दिसून बोटं मिटेपर्यंत धडधाकट तरुण माणसाचेही ०.२ सेकंदांच्या आसपास जातात. नोट तोवर बोटांच्या खाली पोचून तुमच्याकडे बघत असते. कधी एखादा पकडतोही, पण त्याने नोट पडताना पाहिलेली नसते. माझ्या बोटांची चुळबुळ पाहून आधीच अंदाज बांधलेला असतो.

तुमचा स्वतःचा आकडा काढायचाय? तीस सेंटिमीटरची पट्टी आणा. शून्याची खूण खाली. पट्टी मी वरून धरतो, तुमची चिमूट शून्यापाशी. सोडल्यावर जिथे पकडाल तो आकडा वाचायचा. दहा सेंटिमीटरवर पकडलीत तर ०.१४ सेकंद, पंधरावर ०.१७५, विसावर ०.२०, पंचविसावर ०.२३, आणि पट्टीच्या अगदी शेवटी पकडलीत तर ०.२५. अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, कारण पट्टी पडताना वेग घेत जाते. दहावीच्या वर्गातलं ते अर्धा जी टी वर्ग म्हणतात ना, तेच हे. अनेकदा करा आणि मधला आकडा धरा. एकदाच चांगली पकडली म्हणून मिरवायचं नाही.

या उशिरापायी एकदा एका माणसाची नोकरी गेली. गोष्ट इंग्लंडातली. ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्कलिन नावाचे शाही खगोलशास्त्रज्ञ होते आणि डेव्हिड किनब्रुक नावाचा त्यांचा साहाय्यक. काम असं, की दुर्बिणीत उभ्या तारा ताणलेल्या असत. आकाशातला तारा एकेका तारेवरून सरकला, की तो क्षण टिपायचा. शेजारी घड्याळ टिकटिकत असे. कानाने टिकटिक मोजायची, डोळ्याने तारा पाहायचा, आणि दोन टिकटिकींच्या मधला दशांश अंदाजाने सांगायचा. १७९५ च्या ऑगस्टपासून मॅस्कलिनना दिसू लागलं, की किनब्रुकची नोंद आपल्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने मागे असते. त्यांनी समज दिली. तो बिचारा आणखी लक्ष देऊ लागला, तर १७९६ च्या जानेवारीत फरक आठ दशांशांवर गेला! झालं, नोकरी संपली.

तुम्ही म्हणाल, आठ दशांशांसाठी एवढं काय? ताऱ्यांच्या या नोंदींवरून वेळ ठरे, आणि वेळेवरून समुद्रातली जागा. विषुववृत्तावर पृथ्वी सेकंदाला सुमारे ४६५ मीटर फिरते. ०.८ सेकंद चुकला, म्हणजे जागा पावणेचारशे मीटरने चुकली. समुद्रात खडक टाळणाऱ्या खलाशाला ही चूक महाग पडते. मॅस्कलिनचं चिडणं मी समजू शकतो. पण आपणच बरोबर, हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

हाच प्रश्न वीसेक वर्षांनी फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला पडला. तो प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात वेधशाळा सांभाळत होता. आज ते शहर रशियात आहे, नाव कॅलिनिनग्राड. किनब्रुकची हकीकत वाचून त्याने स्वतःची नोंद दुसऱ्या नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिली. फरक सेकंदाहून जास्त निघाला! सगळेच निष्णात, सगळेच प्रामाणिक. म्हणजे पाहणं आणि नोंदणं यांत प्रत्येकाचा आपापला फरक असतो, आणि गणितात तो वेगळा धरावा लागतो. किनब्रुकला हे ऐकायला मिळालं नाही. तो १८०२ मध्येच वारला होता.

बेसेल १८४६ मध्ये गेला. तीन वर्षांनी त्याच शहरात एक तरुण प्राध्यापक आला, हेर्मान हेल्महोल्ट्झ. तेव्हा समजूत अशी होती, की नसेतून संदेश इतक्या झपाट्याने जातो की तो वेग कोणाला मोजता यायचा नाही. खुद्द हेल्महोल्ट्झचे गुरू योहानेस म्यूलर हेच म्हणत. चेल्याने काय केलं? बेडकाच्या पायाचा स्नायू घेतला, त्याला जोडलेली नस घेतली. नसेला एकदा स्नायूजवळ विजेचा झटका दिला, एकदा लांबून दिला, आणि स्नायू आखडायला लागलेल्या दोन वेळांची वजाबाकी केली. पत्नी ओल्गा नोंदी घ्यायला मदतीला होती. १८५० साली उत्तर आलं, सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरसुद्धा नाही! विचाराच्या वेगाच्या बाता मारणाऱ्या माणसाला बेडकाने जमिनीवर आणलं.

आणि आता गंमत ऐका. त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच शहरात, याच माणसाने डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र केलं. डोळ्याची बाहुली काळी का दिसते, ठाऊक आहे? आत अंधार असतो म्हणून नव्हे. बाहुलीतून गेलेला उजेड आतल्या पडद्यावरून परत फिरतो तो आल्या वाटेनेच, जिथून आला त्याच दिशेला. तो पकडायला आपण आडवे आलो, तर आपलंच डोकं दिव्याचा उजेड अडवतं. हेल्महोल्ट्झने तिरकी काच धरली. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात जातो, आणि परत आलेला उजेड काचेतून आरपार बघणाऱ्याच्या डोळ्यात येतो. पुठ्ठा, चष्म्याची भिंगं आणि सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा डिंकाने चिकटवून केलेलं ते पहिलं यंत्र होतं. त्यातून जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या दिसल्या, आणि डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते ती फिकट चकतीही दिसली. आज डॉक्टर आजीच्या डोळ्यात थेंब घालून, दिवा टाकून जे पाहतात ना, त्याची सुरुवात ही.

म्हणजे नसेतला उशीर मोजणारा आणि डोळ्याच्या आत डोकावणारा माणूस एकच. पुढे हॉलंडमध्येही तेच घडलं. उट्रेख्टला फ्रान्सिस्कस डोंडर्स नावाचे मोठे नेत्रवैद्य होते. १८५८ साली त्यांनी तिथे डोळ्यांचं रुग्णालय काढलं. डॉक्टरांच्या भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता असतो ना, तो त्यांचे सहकारी हेर्मान स्नेलन यांनी १८६२ साली केला. याच डोंडर्सनी हेल्महोल्ट्झची वजाबाकी उचलली आणि थेट विचाराला लावली. कोणत्या पायाला झटका बसणार, हे आधी ठाऊक असेल तर माणूस किती वेळात हात हलवतो, आणि ठाऊक नसेल, डावा की उजवा हे ठरवून त्याच बाजूचा हात हलवायचा असेल, तर किती वेळात? फरक निघाला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग. निवड करायला मेंदू तेवढा वेळ घेतो. १८६८ साली त्यांनी हे सगळं सविस्तर लिहिलं. मनाच्या व्यवहाराला घड्याळ लावणारा पहिला माणूस डोळ्यांचा डॉक्टर होता, हे मला फार आवडतं.

आता आपल्या पट्टीकडे या. तो ०.२ सेकंद जातो कुठे? मेंदूकडून हाताच्या स्नायूपर्यंत हुकूम पोचायला ०.०२ सेकंद पुरतो. बराचसा वेळ त्याआधीच खर्च झालेला असतो, आणि त्यातला चांगला मोठा वाटा खुद्द डोळ्याचा असतो. पडद्यावरच्या पेशीत उजेडाचा एक कण शिरला, की तिथला एक रेणू आपला आकार बदलतो. हा बदल सेकंदाच्या पाच लाख कोटीव्या भागात होतो. निसर्गातल्या अतिवेगवान क्रियांपैकी ही एक! मग पुढे उशीर का? कारण एका रेणूने एवढासा आकार बदलून मेंदूला काय कळणार? बातमी मोठी करावी लागते. वाड्यातल्या एका काकूंच्या कानावर गोष्ट पडावी, त्यांनी चार दारं ठोठवावीत, त्या चौघींनी आणखी चार, तसा तो रेणू कितीतरी दुसऱ्या रेणूंना जागं करतो, ते आणखी हजारोंना, आणि शेवटी पेशीच्या भिंतीतल्या विजेच्या वाटा बंद होतात. हो, बंद. या पेशी अंधारात चालू असतात आणि उजेड पडला की गप्प होतात! उलटा कारभार आहे, पण चालतो उत्तम. अंधारात काम करणारी दंडपेशी उजेडाचा एक कणसुद्धा टिपू शकते. त्या नाजूकपणाची किंमत ती वेळात मोजते. भर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी कमी नाजूक, पण चपळ.

कानाचं तसं नाही. कानातल्या पेशीवरचा केस वाकला की विजेची वाट थेट उघडते; मधे रसायनांची रांग नाही. म्हणून आवाज ऐकून माणूस साधारण ०.१५ सेकंदात हलतो, डोळ्याने पाहून त्याहून उशिरा. शर्यत सुरू करायला बार काढतात, तो उगीच नाही. धावपटू बारानंतर ०.१ सेकंदाच्या आत हलला, तर त्याने ऐकून धावायला सुरुवात केलीच नाही, असं धरून त्याला बाद करतात. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा डेव्हन ॲलन अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत ०.०९९ सेकंदाला हलला, आणि बाद झाला. हजारावा भाग!

उजेड मंद झाला, की ही रसायनांची रांग आणखी रेंगाळते. तिन्हीसांजेला कॅच सुटतात, त्याचं एक कारण हेही आहे. तो आकार बदलणारा रेणू अ जीवनसत्त्वापासून बनतो. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. म्हणून शेवग्याच्या पाल्याची भाजी ताटात आली की नाकं मुरडू नका.

पार्थचा प्रश्न मला कळला. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी येतो, मग फलंदाज खेळतो कसा? त्याचे डोळे आपल्यापेक्षा झटपट असणार! नाहीत. इंग्लंडात पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञाने मॅटिंगखाली लाकडी दांडकी घालून चेंडू कुठे वळेल याचा नेमच राहणार नाही, अशी खेळपट्टी केली आणि आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना त्यावर खेळवलं. चेंडू अचानक वळल्यावर बॅट वळवायला त्यांनाही सुमारे ०.२ सेकंद लागला, तुमच्या-माझ्याइतकाच. हे १९८७ साली प्रसिद्ध झालं. पुढे २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजाची नजर टिपली. तो चेंडूमागे डोळे फिरवत बसतच नाही. चेंडू हातातून सुटताना पाहतो, आणि टप्पा जिथे पडेल तिथे नजर आधीच नेऊन ठेवतो. चांगल्या खेळाडूची नजर तिथे लवकर पोचते. मन्सूर अली खान पतौडींची उजव्या डोळ्याची नजर १९६१ च्या जुलैत मोटार अपघातात गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ते भारताकडून पहिली कसोटी खेळले, पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले, आणि १९६४ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा काढल्या. प्रतिक्रियेच्या आकड्यावरून माणसाची नजर ओळखता येते असं ज्याला वाटतं, त्याने पतौडींचा विचार करावा.

मग या उशिराचा आणि डोळ्याच्या आजाराचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो पट्टीने पकडता येत नाही. तो पाहायला दोरा आणि अंगठी हवी.

अंगठी दोऱ्याला बांधून दाराच्या चौकटीतून लोंबकळती सोडा आणि डावी-उजवीकडे झोका द्या. सरळ रेषेत, पुढेमागे नाही. सात-आठ फुटांवर उभे राहा. दोन्ही डोळे उघडे, पण गॉगलची एकच काच उजव्या डोळ्यापुढे धरा. बघा! अंगठी गोल फिरू लागली. उजवीकडे जाताना जवळ येते, डावीकडे जाताना लांब जाते. आता काच डाव्या डोळ्यापुढे धरा, फेरी उलटी. अंगठी मात्र होती तशीच सरळ झुलतेय. झालं असं, की काचेमागच्या डोळ्याला उजेड कमी मिळाला, म्हणून त्याचा निरोप दुसऱ्या डोळ्यापेक्षा सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा मागे पडला. त्या डोळ्याला अंगठी आत्ता आहे तिथे दिसत नाही, मघाशी होती तिथे दिसते. दोन डोळ्यांची दोन ठिकाणं जुळवताना मेंदू त्याचा अर्थ जवळ आणि लांब असा लावतो. हे कोडं १९२२ साली कार्ल पुलफ्रिश यांनी मांडलं. ते येना शहरात झाइसच्या कारखान्यात शास्त्रज्ञ होते. हा चमत्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो, पण त्यांनी स्वतः तो कधीच पाहिला नाही; त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं.

शंभरावा भाग तुमच्या पट्टीवर सुमारे दोन सेंटिमीटर होतो. एकाच माणसाच्या दोन झेलांत याहून जास्त फरक पडतो. पट्टीला जे दिसत नाही, ते मेंदू दोन डोळे शेजारी ठेवून टिपतो.

आता समजा, काच न धरताच कोणाला झोका गोल दिसला, तर? ते आजाराचं लक्षण असू शकतं. डोळ्यामागच्या नसेला सूज येते, तिच्या तंतूंवरचं आवरण झडतं आणि निरोप रेंगाळत जातो. अशा माणसाला समोरून येणारी वाहनं भलतीकडेच भासतात. काही जणांना एकाच डोळ्यात मोतीबिंदू असला तरी असं होतं. गढूळ भिंग गॉगलचं काम करतं. १९७२ साली लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन या तीन संशोधकांनी हा उशीर थेट मोजून दाखवला. रुग्णाला काळे-पांढरे चौकोन अदलाबदल होणारा पडदा दाखवायचा आणि डोक्याच्या मागे चिकटवलेल्या तारांनी मेंदूतली लहर टिपायची. निरोगी डोळ्याची लहर ०.१ सेकंदाला उमटते. नसेला सूज येऊन गेलेल्या डोळ्याची लहर बरीच उशिरा येते, आणि तक्त्यावरची सगळी अक्षरं पुन्हा स्वच्छ वाचता येऊ लागली तरी हा उशीर बहुधा राहतोच. रुग्णाने बटण दाबायचं नाही, काही बोलायचंही नाही. हात, निर्णय, सगळं वजा. उरतो फक्त डोळा आणि त्याची वाट. ही तपासणी आपल्याकडच्याही मोठ्या रुग्णालयांत होते.

ओवी, तू मोबाइलवर पडदा हिरवा झाला की बोट टेकवायचा खेळ खेळतेस ना? खेळ जरूर. पण तो आकडा डोळ्याचा म्हणून सांगू नकोस. बऱ्याच मोबाइलचा पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, म्हणजे साठाव्या भागाएवढी चूक तिथेच आली. बोटाचा स्पर्श कळायला लागणारा वेळ त्यावर. काल रात्री उशिरापर्यंत जागलीस, तर आकडा त्यानेही बिघडतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे आकडा चांगला आला की माणूस निर्धास्त होतो. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. पडद्यावरचा हिरवा चौकोन मधोमध असतो! काचबिंदूचा माणूस तुमच्या खेळात पैकीच्या पैकी मिळवेल आणि रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा त्याला दिसणार नाही. डोळ्यांचा व्यायाम करून प्रतिक्रिया वाढवा आणि चष्मा घालवा, असं सांगणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका.

त्यापेक्षा आज जेवणं झाल्यावर एक काम करा. घरातल्या मोठ्यांना एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. चष्मा असेल तर चष्मा लावून. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. एका डोळ्याने फिकं, वाकडं किंवा अर्धवट दिसलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. नजर अचानक गेली असेल, तर त्याच दिवशी. मधुमेह असलेल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यायचं. चाळिशी उलटलेल्यांनी डोळ्यांचा दाबही अधूनमधून पाहून घ्यायचा, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्यात अजिबात हयगय करायची नाही. आणि डॉक्टर बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असतील, तर जाताना कोणाला तरी सोबत घेऊन जा. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही.